वॉकर म्हणजे चालणारा का?

वॉकर हे इंग्रजी आडनाव म्हणजे कुणीतरी निरोप्या, गावोगाव चालत फिरणारा पूर्वज, असं बरेच जण धरून चालतात पण तसं नाहीये. हे आडनाव कापडाच्या धंद्यातलं आहे. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट, मळकट आणि विरविरीत असायचं, मग ते हौदात पाण्यात टाकून माणसं अनवाणी तासन्‌तास तुडवायची, त्याने मळ आणि तेल निघायचं आणि लोकरीचे धागे एकमेकांत अडकून कापड आटायचं, जाड व्हायचं, ऊब धरायचं. तेल काढायला त्यात शिळं मूत घालायचे (त्यातला अमोनिया कामी यायचा) नाहीतर एक खास माती. असं तुडवणारा तो जुन्या इंग्रजीत 'वेआल्केरे', त्याचाच पुढे वॉकर झाला. आणि गंमत बघा, ज्या क्रियापदावरून हा शब्द आला त्याचा अर्थ मुळात लोळवणे, घोळवणे असा होता, 'पायी जाणे' हा अर्थ त्याला नंतर चिकटलाय.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे याच कामाची अजून दोन आडनावं आहेत आणि ती प्रदेशाप्रमाणे बदलतात. इंग्लंडच्या उत्तरेत आणि मिडलँड्समध्ये (म्हणजे मधल्या भागात) वॉकर, आग्नेयेकडे फुलर, आणि नैऋत्येला डेव्हन, कॉर्नवॉलच्या बाजूला टकर. डेव्हनमधल्या एक्सेटरला टकर्स हॉल नावाची वास्तू आजही उभी आहे, 1471 ची, विणकर आणि टकर लोकांच्या गिल्डची, म्हणजे धंदेवाल्यांच्या संघाची. फुलर हा लॅटिन 'फुल्लो'वरून, आणि ती खास माती म्हणजे फुलर्स अर्थ, जिला आपण मुलतानी माती म्हणतो आणि तोंडाला लावतो, तीच!

12व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले आणि पायाने तुडवणं हळूहळू कमी होत गेलं, पण नाव काही सुटलं नाही, कारण पुढच्या दोनेकशे वर्षांत तिथे आडनावं वंशपरंपरेने चालू लागली आणि धंदा सोडलेल्या पोरांनाही तेच लागलं.

स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर मात्र विसाव्या शतकापर्यंत हे काम हातानेच चालायचं, बायका लांब फळीभोवती बसून ओलं ट्वीड (जाड लोकरी कापड) आपटायच्या आणि त्या ठेक्यावर गेलिक या तिथल्या भाषेतली गाणी म्हणायच्या, इंग्रजीत त्या कामाला अजूनही वॉकिंगच म्हणतात, स्पेलिंगमध्ये फक्त एक यू जास्त लागतो.