पार्ल्यातल्या आमच्या वाडीचा इतिहास लिहायचाय, जुने कागद कुठे मिळतील?

सोनटक्का:
विलेपार्ले पूर्वेला, हनुमान रोडच्या आतल्या एका गल्लीत माझं लहानपण गेलं. फनेल झोनमुळे, म्हणजे विमानतळाजवळ इमारतींच्या उंचीवर असलेल्या बंधनामुळे, इतकी वर्षं रखडलेला आमच्या बिल्डिंगचा पुनर्विकास एकदाचा मार्गी लागलाय, दिवाळीनंतर घरं रिकामी करायची आहेत. त्याआधी इथल्या चोवीस बिऱ्हाडांबद्दल आणि बिल्डिंगच्या आधी इथे जी वाडी होती तिच्याबद्दल लिहून ठेवायचंय.

सोसायटीचं कपाट आवरताना 1974 सालची गणपतीच्या वर्गणीची वही सापडली. लाल कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या. पहिल्या पानावर 'श्री', खाली नावं. बहुतेकांचे पाच रुपये. तळमजल्यावरच्या एका बिऱ्हाडापुढे दोन, आणि शेजारी वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: 'उरलेले तीन मिळाले'. कोणी दिले ते नाही. त्या घरातले काका रेल्वेत होते आणि त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप झाला होता. त्यात त्यांचा पगार अडकला होता, एवढं आईला आठवतं.

ती वही वाचल्यापासून हे काम सोडवत नाहीये. पण वाडीचे कागद कुठे शोधू? एका कचेरीत गेले तर '1950 च्या आधीचं आमच्याकडे काही नाही' म्हणून परत पाठवलं.

जुना_पार्लेकर:
त्यांनी सांगितलं ते खोटं नसणार, फक्त पुढे कुठे जायचं ते सांगितलं नाही. 1950 पर्यंत पार्लं मुंबई महापालिकेत नव्हतंच. 1920 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच्याही आधी आपण ठाणे जिल्ह्यात. त्यामुळे 1882 चं गॅझेटियर (जिल्ह्यांची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) काढलंत तर मुंबईचा खंड घेऊ नका, ठाण्याचा घ्या. मी स्वतः दोन महिने चुकीच्या खंडात घालवले आहेत.

जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. सोसायटीच्या कागदांवर सिटी सर्व्हे नंबर असतो, तो घेऊन जा. पत्रिकेवर धारकाचं नाव आणि फेरफार दिसतील. तेवढ्यावर थांबू नका, चौकशी नोंदवहीचा उताराही मागा. भूमापनाच्या वेळी जागा कोणाच्या ताब्यात होती ते त्यात कळतं. आमच्या वाडीच्या मूळ मालकांचं नाव मला तिथेच मिळालं, घरात कोणालाच माहीत नव्हतं.

शुभा_ताई:
सोनटक्का, कागद मिळतील गं, माणसं आधी गाठ. ऐंशीच्या पुढचे जे कोणी आहेत त्यांच्याकडे या आठवड्यातच जा. मी माझ्या सासूबाईंकडे 'पुढच्या महिन्यात निवांत बसू' म्हणत राहिले आणि त्या गेल्या. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्यात जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली छावणी होती. सासूबाईंच्या वडिलांनी तिथून मिठाची पुडी घरी आणली होती आणि ती देवघरात ठेवलेली असायची. एवढंच माझ्याकडे राहिलंय. पुडीचं पुढे काय झालं ते विचारायचं राहून गेलं.

आणि जाताना हात हलवत जाऊ नकोस, ती वही घेऊन जा. 'जुन्या आठवणी सांगा' म्हटलं की सगळे तेच सांगतात: 1921 ची पार्ले टिळक शाळा, 1923 चा लोकमान्य सेवा संघ, गाडीतून उतरल्यावर येणारा बिस्किटांचा वास. ते खरंच आहे. तो वास मलाही अजून आठवतो, 2016 मध्ये पार्ले बिस्किटांचा कारखाना बंद झाला तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं. पण हे सगळ्या पार्ल्याचं झालं. तुला तुझ्या जिन्यातलं हवंय. पाणी कितीला यायचं, विहीर कधी बुजवली, फोन पहिला कोणाकडे आला आणि निरोप द्यायला कोण धावायचं, असं विचार.

सोनटक्का:
दोघांचेही मनापासून आभार. मिळकत पत्रिकेसाठी अर्ज केलाय.

काल वही घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे गेले. वय 91. चष्मा लावून त्यांनी पान जवळ धरलं, 'उरलेले तीन' वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे अक्षर ह्यांचं." आजोबा तेव्हा मंडळाचे खजिनदार होते. पैसे कोणी भरले विचारलं तर म्हणाल्या, "ते लिहायचं नाही असंच ठरलं होतं." मग बराच वेळ वहीवर हात ठेवून बसल्या. विहिरीचं विचारायचं मला सुचलंच नाही.

आता प्रश्न असा की हे छापू का? तळमजल्यावरचं कुटुंब अजून तिथेच आहे, मुलगा माझ्या वर्गात होता.

जुना_पार्लेकर:
आधी त्याला वही दाखवा. तो हो म्हणाला तरी त्या पानाचा फोटो छापू नका, कारण त्यावर इतरांचीही नावं आहेत. 'एक बिऱ्हाड' एवढं लिहिलंत तरी पुरेल.

शुभा_ताई:
आणि विहिरीसाठी आजींकडे परत जा. उद्याच जा.