गायस मारियस : रोमचे प्रजासत्ताक त्याने बुडवले का?

आडवाट (धागाकर्ता)

रोमन प्रजासत्ताकाच्या अंताची गोष्ट सांगताना पहिला आरोपी म्हणून गायस मारियसला उभे करण्याची रीत पडून गेली आहे. आरोप थोडक्यात असा: इ.स.पू. 107 मध्ये तो कॉन्सुल, म्हणजे वर्षासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, झाला, उत्तर आफ्रिकेतील नुमिडियाचा राजा जुगुर्था याच्याविरुद्धच्या युद्धासाठी त्याने मालमत्तेची अट बाजूला ठेवून भूमिहीनांना सैन्यात घेतले, या माणसांना परत जायला स्वतःचे शेत नसल्यामुळे सेवा संपल्यावर जमीन मिळावी म्हणून ती सेनापतीच्या तोंडाकडे पाहू लागली, आणि राज्याचे सैन्य सेनापतींचे होऊन बसले. पुढे सुल्ला, पाँपी आणि सीझर या सेनापतींनी सैन्याच्या बळावर जे केले त्याचे बीज इथे पेरले गेले, असे म्हणतात. मला हा आरोप चुकीच्या माणसावर ठेवलेला वाटतो.

मारियस आर्पिनमजवळच्या एका खेड्यात साधारण इ.स.पू. 157 मध्ये जन्मला. त्याच्या घराण्यात पूर्वी कुणीही कॉन्सुल झालेले नव्हते, आणि रोममध्ये ही गोष्ट माणसाला जन्मभर ऐकून घ्यावी लागत असे. नुमिडियात सेनापती मेटेलसच्या हाताखाली अधिकारी असताना त्याने निवडणुकीसाठी रजा मागितली, तेव्हा मेटेलसने त्याला ‘माझ्या मुलाबरोबर उभा राहा, घाई कशाची’ अशा अर्थाचे सुनावले. मुलगा तेव्हा विशीचा होता. हा अपमान मनात धरल्याशिवाय मारियसचे पुढचे वागणे उलगडत नाही.

आता मूळ मुद्दा. भूमिहीन माणसाला सैन्यात घेणे हा अपराध असेल, तर त्याला सेवेनंतर रिकाम्या हाताने घरी पाठवणे हा त्याहून मोठा अपराध मानायला हवा. तो सेनेटने, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेने, केला. इ.स.पू. 103 मध्ये सॅटर्नायनस या ट्रिब्यूनने, म्हणजे सामान्य लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधीने, मारियसच्या सैनिकांना आफ्रिकेत प्रत्येकी 100 युगेरा, म्हणजे सुमारे 62 एकर जमीन देण्याचा कायदा आणला, तेव्हा दुसऱ्या ट्रिब्यूनने तो अडवण्याचा प्रयत्न केला आणि दगडफेक होऊन त्याला पळून जावे लागले. चाळीस वर्षांनी पूर्वेकडून परतलेल्या पाँपीच्या सैनिकांची जमीनही सेनेटने इ.स.पू. 59 पर्यंत लटकत ठेवली. यावरचा उपाय काही अशक्यप्राय नव्हता. इ.स. 6 मध्ये ऑगस्टसने सैनिकांच्या निवृत्तीसाठी स्वतंत्र कोष उभारला, त्यात स्वतःचे 17 कोटी सेस्टर्स घातले आणि वारसाहक्काच्या मिळकतीवर पाच टक्के कर बसवून त्याची कायमची सोय लावली. मारियसच्या भरतीपासून इथवर यायला 112 वर्षे लागली. एवढ्या काळात सेनेटने हा कोष उभारला असता, तर सैनिकाला सेनापतीकडे पाहण्याची गरजच पडली नसती.

दप्तरदार

धागाकर्त्यांनी जमिनीचा प्रश्न नेमका पकडला आहे आणि सेनेटच्या कद्रूपणाविषयी माझे त्यांच्याशी दुमत नाही. मात्र मारियसवरचा आरोप केवळ भरतीपुरता आहे असे गृहीत धरून त्यांनी त्याला फार स्वस्तात सोडून दिले आहे. माझ्या मते त्याचा खरा दोष भरतीत नाही, तो सेनापतिपद मिळवण्याच्या पद्धतीत आहे.

इ.स.पू. 107 मध्ये सेनेटने नुमिडियाची मोहीम मेटेलसकडेच ठेवली होती. मॅन्लियस मॅन्सिनस या ट्रिब्यूनने लोकसभेत, म्हणजे नागरिकांच्या मतदान-सभेत, प्रस्ताव आणला आणि चालू मोहिमेतील सेनापतीला बाजूला सारून ते पद मारियसला दिले गेले. मेटेलस संतापला, पण रोमला परतला, कारण रोमचा सेनापती तेव्हा परतत असे. एकोणीस वर्षांनी, इ.स.पू. 88 मध्ये, सत्तरीला टेकलेल्या मारियसने नेमका तोच डाव पुन्हा टाकला. पूर्वेकडचा राजा मिथ्रिडेटीस याच्याविरुद्धची मोहीम सुल्लाला मिळालेली होती. सुल्पिसियस या ट्रिब्यूनकरवी लोकसभेत ठराव करून ती मारियसने स्वतःकडे वळवली. फरक इतकाच पडला की सुल्ला मेटेलससारखा परतला नाही. तो सहा लीजन, म्हणजे सैन्याच्या सहा मोठ्या तुकड्या, घेऊन रोमवर चालून आला.

सुल्लाचे पाप सुल्लाच्या माथी, हे मान्यच आहे. तरीही सेनेटने दिलेले पद जमवलेल्या गर्दीच्या बळावर काढून घेता येते, ही वाट कुणी पाडली? ज्याला पाच वर्षे लागोपाठ, इ.स.पू. 104 ते 100, कॉन्सुलपद मिळाले, ज्याच्या दारात एकाच आयुष्यात कुणाला न मिळालेले मान आले, त्या माणसाने म्हातारपणी आणखी एका मोहिमेच्या लोभाने राज्य पणाला लावावे, याला सेनेटचा कद्रूपणा जबाबदार धरता येत नाही.

नर्मदातीर

आडवाट आणि दप्तरदार दोघेही ‘मारियसची लष्करी सुधारणा’ ही एक घडलेली घटना धरून चालले आहेत, म्हणून थोडे मागे जाऊन जुनी साधने काय सांगतात ते पाहू या.

रोमन इतिहासकार सॅलस्ट सांगतो ते एका वर्षाच्या एका पूरक भरतीविषयी. मालमत्तेची अट कायद्याने रद्द झाली, असे तो म्हणत नाही. त्या अटीचा आकडा इतिहासकार लिव्ही 11,000 आस (रोमन नाणी) देतो, पॉलिबियसच्या हिशेबाने तो 4,000 येतो आणि सिसेरो 1,500 म्हणतो. यावरून अट आधीच खाली खाली येत होती असा तर्क अभ्यासकांनी बांधला आहे, आणि तो धरला तर मारियसने जे केले ते उताराच्या शेवटच्या पायरीवरून पाऊल खाली ठेवण्यासारखे ठरते. सैनिकांना सरकारी खर्चाने कपडे देण्याचा कायदा इ.स.पू. 123 मध्ये गायस ग्राकसने केला. कोहॉर्ट हे पथक स्पेनमधल्या युद्धांत शंभर वर्षे आधीपासून दिसते. मारियसच्या नंतरही सक्तीची भरती चालूच राहिली. मग मारियसच्या पदरी नक्की काय उरते? प्लिनी म्हणतो की गरुड हेच लीजनचे एकमेव निशाण त्याने ठरवले. चरित्रकार प्लुटार्क म्हणतो की भाल्याचे पाते दांड्याला जोडणाऱ्या दोन लोखंडी खिळ्यांपैकी एकाच्या जागी त्याने लाकडी खुंटी बसवली, म्हणजे भाला शत्रूच्या ढालीत रुतला की दांडा लोंबकळून ढाल निकामी व्हावी. आणि सामान स्वतःच्या पाठीवर वाहणारे सैनिक, म्हणजे ते ‘मारियसचे खेचर’. ही एका दक्ष सेनापतीची कामगिरी झाली. या सगळ्याची मोट बांधून तिला एका माणसाने घडवलेली क्रांती ठरवण्याचे काम मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील जर्मन इतिहासकारांनी केले.

धागाकर्त्यांच्या निष्कर्षाला याने बळच मिळते, पण त्यांच्या मांडणीला नाही. सुल्लाबरोबर रोमवर चालून गेलेले सैनिक मारियसने भरती केलेले नव्हते. इटलीतील मित्रराज्यांच्या बंडाशी लढण्यासाठी उभारलेल्या फौजेतले ते लोक होते. इतिहासकार ॲपियन त्यांचे मन स्पष्ट सांगतो: मारियस पूर्वेला गेला तर तो दुसरीच माणसे घेऊन जाईल आणि तिकडच्या लुटीला आपण मुकू, ही त्यांना भीती होती. त्यांनी मारियसच्या बाजूने आलेल्या अधिकाऱ्यांना दगडांनी ठेचून मारले. सुल्लाच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांपैकी मात्र एक क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी) सोडून सगळे त्याला सोडून निघून गेले. राज्याविषयीची चाड अधिकाऱ्यांत शिल्लक होती आणि सैनिकांत उरली नव्हती, हे का झाले, याचे उत्तर भूमिहीनांच्या एका भरतीत सापडत नाही.

आडवाट

नर्मदातीर यांची दुरुस्ती मी मान्य करतो. ‘सुधारणा’ हा शब्द मी सवयीने गृहीत धरला होता, आणि जमिनीचा प्रश्नही मग मारियसच्या आधीचा ठरतो. दप्तरदार यांना मात्र एक विचारायचे आहे. तो लोभी होता, हे खरे. पण स्वतःचे सैन्य असलेला लोभी माणूस इ.स.पू. 100 मध्ये काय करता? सहाव्यांदा कॉन्सुल झालेला मारियस तेव्हा त्याच सॅटर्नायनसच्या बाजूला होता, ज्याने त्याच्या सैनिकांना जमीन मिळवून दिली. निवडणुकीत खून पडला आणि सेनेटने राज्याचे रक्षण करण्याचा आदेश दिला, तेव्हा मारियसने सेनेटची आज्ञा पाळून आपल्याच मित्राला कैद केले. सेनेटच्या सभागृहात कोंडलेल्या कैद्यांना जमावाने छपराची कौले उचकटून ठेचून मारले, आणि मारियसकडे ना मित्र उरले ना शत्रूंचा विश्वास. तसेच, इ.स.पू. 88 मध्ये सुल्ला दाराशी आला तेव्हा मारियसने गुलामांना स्वातंत्र्याचे वचन देऊन मदतीला बोलावले. प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे तिघेच पुढे आले. ज्याने म्हणे सैन्य राज्याकडून हिरावून घेतले, त्याच्यासाठी त्या दिवशी रोममध्ये सैन्य नव्हते.

दप्तरदार

इ.स.पू. 88 मध्ये नव्हते. वर्षभरात त्याने उभे केले. सुल्लापुढून आफ्रिकेत पळालेला तो परतून इटलीतील एट्रुरियात उतरला, जमले तसे सहा हजार लोक जमवले, ऑस्टिया हे बंदर लुटले, आणि साथीदार सिन्नाबरोबर रोममध्ये शिरल्यावर जे झाले ते कोणत्याही भाष्याशिवाय पुरेसे आहे. वक्ता मार्कस अँटोनियसचे शीर सभास्थानी टांगले गेले. कॅटुलसने, म्हणजे व्हर्सेलीच्या लढाईत ज्याच्या खांद्याला खांदा लावून मारियस लढला आणि ज्याच्याबरोबर त्याने विजयाची मिरवणूक काढली त्या माणसाने, मध्यस्थांकरवी प्राणांची याचना केली. मारियसचे उत्तर होते, ‘त्याला मरायलाच हवे.’ ताज्या गिलाव्याच्या खोलीत कोळसे पेटवून कॅटुलस गुदमरून मेला. दारी येणाऱ्याच्या अभिवादनाला मारियसने उत्तर दिले नाही, तर ती खूण समजून त्याचे हत्यारबंद गुलाम त्याला तिथेच कापत, असे प्लुटार्क लिहितो. आज्ञाधारक सेवकाचे चित्र मी या माणसावर चढवू शकत नाही. इ.स.पू. 86 च्या जानेवारीत, सातवे कॉन्सुलपद मिळून दोन-तीन आठवडे झाले असतील-नसतील, तो मेला.

रानवाट

चर्चा राजकारणात गुंतली आहे आणि त्यामुळे रोमने या माणसाला पाच वर्षे लागोपाठ का निवडले, हे बाजूला राहते आहे. इ.स.पू. 105 च्या ऑक्टोबरमध्ये ऱ्होन नदीकाठी अरौसिओला दोन रोमन सेनापतींच्या भांडणापायी लिव्हीच्या आकड्यानुसार 80,000 सैनिक मारले गेले. उच्च कुळातला कीपिओ नव्या घराण्यातल्या मॅलियसची आज्ञा मानायला तयार नव्हता. उत्तरेकडून आलेल्या सिंब्री आणि ट्यूटन टोळ्यांपुढे इटलीची वाट मोकळी झाली. अशा वेळी मतदारांनी मारियसला तो आफ्रिकेत असतानाच निवडून दिले. दप्तरदार गर्दीच्या बळाविषयी बोलतात. कॉन्सुल मात्र त्या सभेत निवडले जात जिथे श्रीमंतांच्या मतांचे वजन सर्वांत जास्त असे. घाबरलेल्या धनिकांनी त्याला पाच वेळा बोलावले आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि त्याने काय केले? तो लगेच लढला नाही. ऱ्होनच्या मुखाशी गाळ साचून रसद अडकत होती म्हणून सैनिकांकडून समुद्रापर्यंत कालवा खणून घेतला. ट्यूटन टोळ्या समोर आल्यावर सैनिकांना तटावर उभे करून त्यांच्याकडे नुसते पाहायला लावले, कारण अनोळखी शत्रूची अर्धी भीती नजरेची असते. प्लुटार्क म्हणतो की टोळ्या सहा दिवस तळासमोरून जात होत्या आणि ‘रोममधल्या बायकांना काही निरोप आहे का’ असे ओरडून विचारत होत्या. आपल्या माणसांचा संताप त्याने त्याही दिवशी आवरून धरला. मग ॲक्वी सेक्स्तीला, इ.स.पू. 102 मध्ये, मार्सेलस या अधिकाऱ्याला 3,000 माणसांनिशी शत्रूच्या पाठीमागे लपवून त्याने टोळ्या मोडल्या. पुढच्या वर्षी व्हर्सेलीला सिंब्री संपले. याच युद्धाच्या काळात त्याच्या छावणीत ट्रेबोनियस नावाच्या सैनिकाने अत्याचार करू पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ठार केले. तो अधिकारी मारियसचा भाचा होता, तरी मारियसने सैनिकाला शिक्षा न करता शौर्याचा मुकुट दिला. माणसे त्याच्या मागे जमिनीच्या आशेने तर गेलीच असतील, पण मला वाटते अशा न्यायासाठीही गेली.

दप्तरदार

ट्रेबोनियसची गोष्ट माझ्या ध्यानातून निसटली होती. ती मोलाची आहे आणि कॅटुलसच्या गोष्टीइतकीच खरी आहे. माझे मत बदलत नाही, पण ज्याने त्या सैनिकाला मुकुट दिला त्यानेच ते उत्तर दिले, हे यापुढे मला दोन्ही धरून सांगावे लागेल.

शिलालेखी

वारशाविषयी एक भर घालतो. सुल्लाने सत्ता मिळाल्यावर मारियसचे अवशेष उकरून आनिओ नदीत फेकायला लावले आणि त्याची विजयस्मारके पाडली. इ.स.पू. 69 मध्ये मारियसची पत्नी युलिया वारली, तेव्हा तिचा भाचा सीझर याने अंत्ययात्रेत मारियसची प्रतिमा उघड मिरवली, आणि चार वर्षांनी ती स्मारके पुन्हा उभी केली. लोक रडले असे प्लुटार्क लिहितो. सीझरने त्या आठवणीचा आपल्यासाठी उपयोग करून घेतला, यात शंका नाही.

पण आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, जिथे त्या सैनिकांना जमिनी मिळाल्या असे मानले जाते, तिथे त्याची आठवण राजकारण्यांच्या हाती नव्हती. उची मायुस या गावाला इ.स. 230 मध्ये, सेव्हेरस अलेक्झांडरच्या काळात, वसाहतीचा दर्जा मिळाला आणि गावाने आपल्या अधिकृत नावात सम्राटाच्या नावाबरोबर ‘मारियाना’ हा शब्द कोरून घेतला. तेव्हा मारियसला मरून तीनशेहून अधिक वर्षे झाली होती, आणि ज्या प्रजासत्ताकाविषयी आपण इथे भांडतो आहोत ते त्या गावाला आठवतही नसावे.