मदत हवी आहे : रापणीच्या कॉमिकमध्ये वाट बघणं कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी मालवणचा, कॉमिक्स काढतो, लिहिणं आणि चित्रं दोन्ही माझंच. सध्या रापणीवर २४ पानांची गोष्ट चालू आहे, मुंबई कॉमिक कॉनला (कॉमिक्सचा मेळा) आर्टिस्ट अ‍ॅलीत, म्हणजे चित्रकार स्वतःचं काम विकायला बसतात त्या भागात, टेबल मिळालं तर तिथे ठेवायचीय, नाहीतर कुणासोबत अर्धं टेबल शेअर करून. पण मधल्या पानांवर गाडी अडलीय.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि दोन्हीकडे माणसं ओढायला. ओढत मागे मागे सरकायचं, सगळ्यात मागचा माणूस दोर सोडून परत पाण्यापाशी येऊन पुढे धरणार, असं बराच वेळ, आणि जाळ्यात काय आहे ते शेवटपर्यंत कुणालाच दिसत नाही. माझी गोष्ट सगळी या वेळातच आहे. मासळी आली की मग तिचे वाटे, भांडणं, ते सोपं आहे काढायला.

मी हा भाग सारख्या आकाराच्या छोट्या चौकटींत काढला. मित्राला वाचायला दिला तर तो भराभर पानं उलटत थेट जाळ्यातल्या बांगड्यांवर पोचला. कॉमिक कॉनला बघायला गेलो होतो तेव्हाही टेबलांपुढे लोक असेच पुस्तक चाळताना दिसले, त्यामुळे धास्ती बसलीय.

आमच्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळींची चित्रकथी आहे, परशुराम गंगावणेंना २०२१ला पद्मश्री मिळाली ती यातल्याच कामासाठी. तिथे पोथीतली सुटी चित्रं एकेक करून समोर धरतात आणि कथा गातात, आणि त्या चित्राचं गाणं होईपर्यंत पुढचं चित्र येत नाही. किती थांबायचं ते सांगणारा ठरवतो. छापील पुस्तकात पान वाचणाऱ्याच्या हातात, मग त्याला थांबवायचं कसं?

एक सुचलंय. मासळी डाव्या पानावर आणायची, म्हणजे पान उलटल्याशिवाय दिसणार नाही, आता ती १८व्या पानावर आहे. त्याआधी १६-१७ वर चौकटीच नाहीत, नुसता दोर, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, टोकाला एका म्हातारीचे हात, बाकी रिकामी वाळू. पण प्रेसवाले म्हणतात सेंटर पिनच्या (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) पुस्तकात सलग कागद फक्त मधोमध, म्हणजे २४ पानांत १२-१३ला, बाकी जोडपानं दोन वेगळ्या कागदांवर येतात, तिथे दोर घडीवर थोडा वरखाली सरकू शकतो. आणि दोर तुटका दिसला तर त्या पानात राहिलं काय!

दोर १२-१३ला नेला तर मासळी १४वर येते आणि वाट्यांना दहा पानं उरतात, गोष्ट शेवटी ढिली पडेल असं वाटतंय. सुरुवातीला चार पानं वाढवून २८ केली तर मधलं पान १४-१५ होतं, पण मासळीही चार पानं पुढे सरकते, म्हणजे पुन्हा तेच.

तर ज्यांनी स्वतः छापून विकलंय त्यांनी सांगा, घडीवरची रेघ प्रत्यक्षात किती खटकते? आणि संवाद न टाकता वाचणाऱ्याला पानावर थांबवायची दुसरी काही युक्ती वापरलीय का कुणी? सगळे संवाद मालवणीत आहेत, ते तसेच ठेवणार, त्यावर सल्ला नको. कच्ची पानं हवी असतील तर मेसेज करा, पाठवतो.