मदत हवी आहे: हरभऱ्यात निवड खोल मुळांसाठी करावी की पाणी पुरवून वापरण्याच्या गुणासाठी?

नमस्कार. पावसानंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर येणाऱ्या हरभऱ्यात, मुळांच्या गुणांवर निवड करून अवर्षणात तग धरणारे वाण तयार करण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. विभक्त होणाऱ्या, म्हणजे संकरानंतर झाडागणिक गुण वेगळे दिसणाऱ्या, पिढ्यांमधून कोणती झाडे ठेवायची हे ठरवण्याची वेळ आता आली आहे आणि नेमके तिथेच माझे अडले आहे.

मुळांवरील पैदाशीचा विषय निघाला की प्रथम भाताचे उदाहरण दिले जाते. फिलिपिन्समधील किनांदांग पातोंग या कोरडवाहू भातातले डीआरओ१ हे जनुक उथळ मुळांच्या आयआर६४ या भातवाणात आणल्यावर मुळे अधिक उभ्या कोनात खाली गेली आणि पाण्याच्या ताणातही उत्पादन चांगले राहिले, हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. गव्हात ऑस्ट्रेलियातील किर्केगार्ड व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की फुलोऱ्यानंतर १.३५ ते १.८५ मीटरच्या थरातून पिकाने केवळ १०.५ मिलिमीटर पाणी जास्त घेतले, तरी हेक्टरी ०.६२ टन धान्य वाढले. दाणे भरताना मिळणारे थोडेसे पाणीही इतके मोलाचे असेल, तर खोल मुळे निवडणे हाच सरळ मार्ग वाटतो. हरभऱ्यातही आयसीसी ४९५८ हा भरघोस मुळांचा दाता वाण बरीच वर्षे याच हेतूने वापरला जात आहे.

परंतु हरभऱ्याच्याच बाबतीत २०११ मध्ये इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या संशोधकांनी केलेली मांडणी माझ्या गृहीतकाला छेद देते. त्यांच्या मते हंगामाच्या शेवटी येणाऱ्या ताणात मुळे किती खोल किंवा किती दाट आहेत यापेक्षा, झाड सुरुवातीच्या काळात पाणी किती काटकसरीने वापरते हे अधिक निर्णायक ठरते. हे पटण्यासारखे आहे, कारण नवीन पाऊस नसताना जमिनीतला साठा ठरावीकच असतो, आणि जोमदार मुळे व मोठा पर्णविस्तार असलेले झाड घाटे भरण्यापूर्वीच तो संपवू शकते. वनस्पतिशास्त्रज्ञ पासिउरा यांनी गव्हाच्या प्राथमिक मुळांतील अरुंद जलवाहिन्यांचा विचार मांडला त्यामागेही पाणी शेवटासाठी राखण्याचाच हेतू होता. मग दोन्ही गुण एकाच झाडात, म्हणजे खोल मूळ आणि मर्यादित पर्णविस्तार, एकत्र आणता येतात का? की त्यांच्यात आनुवंशिक विरोध असतो? ज्यांनी प्रत्यक्ष निवड केली आहे त्यांचा अनुभव मला सर्वाधिक उपयोगी पडेल.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. कुंडीतल्या रोपांच्या मुळांचा कोन मोजणे सोपे असले, तरी शेतात उपटून पाहिलेल्या काही झाडांचे सोटमूळ नांगरटीखालच्या घट्ट थरापर्यंत नीट गेलेले आणि तिथे आडवे वळलेले दिसले. त्याच मुळाच्या वरच्या भागातून बारीक उपमुळे मात्र भरपूर फुटली होती. अशा जमिनीत रोपावस्थेतील कोनावरून प्रौढ झाडाच्या खोलीचा अंदाज बांधणे मला धाडसाचे वाटते. लायसीमीटरच्या, म्हणजे मातीने भरलेल्या व झाडासकट वजन करता येणाऱ्या, उंच नळकांड्यांमध्ये पाण्याचा वापर आठवड्यागणिक तोलता येतो, पण तिथे शेकडो झाडे तपासता येत नाहीत. म्हणून आधी शेतातल्या उत्पादनावर चाळणी लावून मोजकी झाडे लायसीमीटरमध्ये तपासावीत, की हा क्रम उलटा ठेवावा?

स्फुरदाचा मुद्दाही आहे. तो प्रामुख्याने वरच्या थरात असतो आणि फारसा हलत नाही, त्यामुळे सर्व मुळे खाली नेणारी निवड कमी स्फुरदाच्या जमिनीत अंगावर येऊ शकते.

उत्तर देताना आपली जमीन हलकी आहे की भारी, तिची खोली किती आणि पेरणीच्या वेळी ओलावा कुठपर्यंत होता हे कृपया लिहावे. एका जमिनीत जिंकलेला वाण दुसरीत मागे पडला असेल, तर तो अनुभव आवर्जून सांगावा.