मदत हवी आहे: येऊरची फुलपाखरं अरबी समुद्रात!

मंडळी, आमच्या ठाण्याच्या ग्रुपच्या, येऊरच्या (ठाण्यालगतचं डोंगराळ जंगल) फुलपाखरांच्या जुन्या नोंदी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतोय. बरेच ठिपके थेट समुद्रात पडले. वही काढून बघितली तर रेखांश ७२ अंश ५७ मिनिटं कुणीतरी ७२.५७ असं भरलेलं. हवं ७२.९५ (५७ भागिले ६०). एवढ्यानं जवळपास ४० किलोमीटरचा फरक! समुद्रातले सापडतात हो, पण अक्षांशातली हीच चूक जमिनीवरच पडते. ती कशी पकडायची? दशांशानंतरचे आकडे कधीच ५९ च्या वर जात नसतील तर मिनिटं समजायची, एवढंच मला सुचलंय.

दुसरं, काही नोंदींत दशांशानंतर दोनच आकडे आहेत. म्हणजे साधारण एक किलोमीटर, आणि तेवढ्यात उपवन तलावही येतो आणि वरचा जंगलाचा चढही. काहींवर नुसतं ‘येऊर’. त्यांना मध्यबिंदू आणि त्रिज्या देऊन ठेवू की सरळ वगळू?

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवरच्या, नेमकी जागा धूसर केलेल्या नोंदी (०.२ अंशाचा चौकोन, म्हणजे वीसेक किलोमीटर) मी आधीच बाजूला काढल्यात. नकाशा १ किमीच्या चौकटींचा करायचाय. अनिश्चिततेची (जागा किती चुकू शकते त्याची) मर्यादा तुम्ही किती धरता?