चाचणी धाकासाठी घेत नाही हो आम्ही!

फुटपट्टी
परवा इथे एक पोस्ट वाचली. सारांश असा: शिक्षक परीक्षा घेतात त्या मुलांना धाकात ठेवायला आणि स्वतःचं वाईट शिकवणं झाकायला, शिकणं मोजता येत नाही, तेव्हा चाचण्या, गुण, श्रेणी सगळं बंद करा. खाली टाळ्यांचा पाऊस. मी गणित शिकवते. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून हे लिहायला बसले आहे, यावरून डोकं किती फिरलं असेल ते ओळखा.

मागच्या आठवड्यात अपूर्णांकांची बेरीज संपवली. "कळलं का?" म्हटलं, तर सगळ्या माना डोलल्या. मान डोलवायला काय लागतं! मग पाच गणितांची छोटी चाचणी दिली. जवळजवळ निम्म्या वर्गाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. आता २/५ हे १/२ पेक्षाही लहान. म्हणजे आणखी मिळवलं आणि उत्तर कमी झालं, आणि कुणालाही ते खटकलं नाही! ही चूक मुलांची नाही, माझी आहे. छेद सारखे करायची रीत मी घोटून घेतली. छेद म्हणजे मुळात काय, ते सांगायचं राहिलं. चाचणी घेतली नसती तर मी खुशाल गुणाकाराकडे वळले असते आणि पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाने माझ्या नावाने बोटं मोडली असती.

कुणाला काय कळलं नाही आणि उद्या वर्गात काय करायचं, एवढ्यासाठी तपासायचं असतं. गुण हा त्यातला शेवटचा आणि सगळ्यात रटाळ भाग.

मागचा_बाक
ती पोस्ट माझीच. नाव घ्यायला हरकत नव्हती.

तुमचं अपूर्णांकांचं छान आहे. आता माझं ऐका. आमच्या बाई तपासलेले पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटायच्या. नाव, गुण, सगळं मोठ्याने. पहिल्या पाचांना टाळ्या. माझं नाव येईपर्यंत तास संपत आलेला असायचा, आणि माझा पेपर हातात यायचा नाही, बाकावर येऊन पडायचा. माझं नेमकं काय चुकतं हे त्या वर्षभरात त्यांनी एकदाही सांगितलं नाही. मी कितवा आहे ते मात्र दर महिन्याला कळायचं.

एक विचारतो, हो किंवा नाही एवढंच सांगा. त्या पाच गणितांना गुण दिलेत का?

फुटपट्टी
दिले. पाचपैकी.

मागचा_बाक
मग झालं तर.

सरासरीखालचा
दोघेही "मोजणं" धरून बसलात. चाचणी मोजते तशी शिकवतेही. रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं, आठवून लिहिणारे चांगलेच पुढे गेले. आठवायला लागणं हाच अभ्यास. चाचण्या बंद केल्यात तर तोही जाईल.

तिरका_टाईप
उतारा आठवला म्हणजे शिकला? मग पोपटाला थेट पुढच्या वर्गात बसवू.

सरासरीखालचा
पोपटाला आठवड्याने विचारून बघा.

खडूची_धूळ
तीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झालो. या चर्चेत मूळ दुखण्याला कुणी हात घालत नाही, ते म्हणजे अक्षर. हल्ली पेपर तपासायचा म्हणजे लिपी उलगडायची. मी प्रत्येक पेपरात अक्षर आणि टापटिपीला दोन गुण राखून ठेवत असे, आणि ते कापायला कधी कचरलो नाही. त्या दोन गुणांच्या भीतीने मुलं वळणदार लिहायची. धाक धाक म्हणून ओरडता, थोडा धाक हवाच.

मागचा_बाक
फुटपट्टीबाई, हे वाचलंत ना? मी म्हणतो तेच तुमच्या बाजूचे गृहस्थ कबूल करून गेले.

दोन_मुलांची_आई
इतका वेळ नुसती वाचत होते, पण आता राहवत नाही. माझा धाकटा डावखुरा आहे. डावीकडून उजवीकडे लिहिताना हात ओल्या शाईवरूनच फिरतो, ओळ संपेपर्यंत अर्धी फराटलेली असते. मागच्या सहामाहीत विज्ञानाच्या पेपरात सगळी उत्तरं बरोबर होती, गुण मात्र कापलेले आणि वर लाल शाईत "गचाळ". तो शेरा माझ्यापासून लपवायला त्याने ते पानच फाडलं. त्याला बाष्पीभवन येतं की नाही, एवढंच विचारायचं होतं ना? मग अक्षर मध्ये कुठून आलं?

खडूची_धूळ
डावखुरी मुलं माझ्याही वर्गात होती. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. सराव लागतो. घरी पालकांनी रोज एक पान शुद्धलेखन घेतलं असतं तर

दोन_मुलांची_आई
"पालकांनी" काय? वाक्य पूर्ण करा.

खडूची_धूळ
चुकून आधीच पाठवलं गेलं. तर ही वेळ आली नसती, असं म्हणायचं होतं.

दोन_मुलांची_आई
अर्धवट होतं तेच बरं होतं.

तिरका_टाईप
अक्षराला दोन, समासाला एक. वहीच्या कव्हरला किती, काका? विज्ञानाला काही उरतात का?

सरासरीखालचा
हे दुखणं जुनं आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका निरनिराळ्या शाळांतल्या १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. शंभरपैकी गुण. एका पेपरला ६४ पासून ९८ पर्यंत सगळं काही मिळालं, दुसऱ्याला ५० पासून ९७ पर्यंत. पेपर तोच, मूल तेच. बदलला तो तपासणारा.

खडूची_धूळ
म्हणजे आम्ही तीस वर्षं फासे टाकत होतो, असंच ना?

तिरका_टाईप
तुम्ही म्हणालात. आम्ही फक्त मान डोलवली.

खडूची_धूळ
इथे चार ओळी खरडणाऱ्यांनी एकदा गठ्ठे घरी नेऊन रात्र रात्र तपासून दाखवावेत. डोळ्यांचं पाणी होतं. मग बोला.

फुटपट्टी
अहो, थांबा सगळे. सर, तुमच्या तीस वर्षांबद्दल आदर आहे, गठ्ठा माझ्याही समोर आहे. पण अक्षराचे गुण विज्ञानात घातले की त्या आकड्याला अर्थच उरत नाही. शंभरात सत्तर म्हणजे बाष्पीभवन कळलं नाही, की पेन गळत होतं? मला गुणपत्रक बघून सांगता येणार नाही. अक्षर शिकवायचंय तर शिकवा, आणि ते वेगळं तपासा. आणि दोन शिक्षकांत फरक पडतो म्हणूनच आम्ही आधी रुब्रिक, म्हणजे गुण द्यायचे निकष, ठरवतो: कशाला किती, ते मुलांनाही अगोदर सांगून. फरक शून्यावर येत नाही, कमी होतो.

रात्रपाळी
मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. डॉक्टरांनी मिलिग्रॅममध्ये लिहिलेली मात्रा, बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती औषध आहे ते बघून, मिलिलिटरमध्ये काढायची. दशांशचिन्ह एक घर सरकलं की पेशंटला दहापट औषध. "शिकणं मोजता येत नाही" हे त्या पेशंटच्या नातेवाइकांना कुणी सांगायचं? मागचा_बाक सांगतील का?

आम्ही लेखी घेतो, शिवाय पुतळ्यावर सगळं करून दाखवायला लावतो आणि समोर उभं राहून एकेक पायरी टिकमार्क करतो. एक मुलगी लेखीत कायम पुढे होती. पुतळ्यापाशी गेली आणि इंजेक्शन भरायच्या आधी लेबल वाचायलाच विसरली. ते कागदावर कधी दिसलं नसतं. तिला तिथेच थांबवलं, पुन्हा शिकवलं, महिन्याने पुन्हा घेतलं. तेव्हा रडली होती माझ्यासमोर. आता वॉर्डात नव्या मुलींना लेबल तीनदा वाचायला लावते म्हणे.

मागचा_बाक
बरं. नर्सिंग सोडून.

रात्रपाळी
वैमानिकही सोडा. पूल बांधणारेही सोडा. काय उरतं ते कळवा.

मागचा_बाक
टोमणा पोचला. पण तुमच्याकडे पहिला नंबर, दुसरा नंबर असतो का?

रात्रपाळी
नंबर कशाला? येतं की येत नाही. सगळ्यांना आलं तर सगळ्या पास.

मागचा_बाक
मग मी इतका वेळ काय ओरडतोय! माझं भांडण त्या उतरत्या क्रमाशी आहे.

फुटपट्टी
पोस्टमध्ये "सगळं बंद करा" होतं. "क्रमांक बंद करा" असतं तर मी गठ्ठा सोडून इथे आले नसते.

मागचा_बाक
रागात लिहिलं होतं. पण गुण मी सोडणार नाही. अभ्यास आम्हीही वाचतो, मागच्या बाकावर वेळ भरपूर असतो. रूथ बटलर या संशोधिकेचा प्रयोग, १९८८. मुलांचे तीन गट. एकाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त कामाबद्दल लेखी शेरा, तिसऱ्याला दोन्ही. सुधारणाही शेरेवाल्यांत, गोडीही त्यांचीच टिकली. दोन्ही मिळालेल्यांचं फक्त गुणवाल्यांसारखंच झालं. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? तुमच्या पाचपैकी दोनखाली तुम्ही जे काही समजावून लिहिलं असेल ना, ते वाया गेलं.

फुटपट्टी
हे मला आवडलेलं नाही. पण परवा पेपर वाटले तेव्हा पहिला प्रश्न "तुला किती?" हाच होता, आणि मी लिहिलेलं एकानेही वाचलेलं दिसलं नाही. हे कबूल करताना जीवावर येतंय.

या गठ्ठ्यापुरतं करून बघते. आकडा माझ्या वहीत राहील, पेपरावर फक्त शेरा. चुकलेलं गणित दुरुस्त करून आणेल त्याला गुण सांगायचे. पालकांचे फोन आले तर तुमचा नंबर देईन.

मागचा_बाक
द्या. पण पेपर उतरत्या क्रमाने वाटू नका म्हणजे मिळवलं.

सरासरीखालचा
एका वर्गावरून निष्कर्ष काढू नका म्हणजे झालं.

तिरका_टाईप
आले, पाणी ओतायला आले.

खडूची_धूळ
नुसता शेरा द्यायचा तर तो शिक्षकाने तरी सुवाच्य लिहावा लागेल. बघा म्हणजे.

दोन_मुलांची_आई
सर, हे एक वाक्य पटलं तुमचं. आता ते दोन गुण परत द्या.

खडूची_धूळ
एक देतो.