भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतोय. घरात नॅलोक्सोन ठेवू का?

धाकटी_बहीण:

दादा शनिवारी घरी येतोय. चार महिने केंद्रात होता. सुरुवात पाठीच्या ऑपरेशननंतरच्या गोळ्यांनी झाली, गोळ्या बंद झाल्यावर गर्द, म्हणजे हेरॉइन. गेल्या वर्षी तो बाथरूममध्ये पडलेला सापडला होता. दार आतून बंद. मी धडका मारून कडी तोडली तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते. आईने तोंडावर तांब्याभर पाणी मारलं, मी गालांवर चापट्या मारत बसले, आणि रुग्णवाहिका बोलवायचं आम्हाला कितीतरी वेळाने सुचलं. वाचला, पण त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

आता कुणीतरी सांगितलं की अशा नशेचा असर उतरवून श्वास परत आणणारं नॅलोक्सोन नावाचं औषध घरात ठेवता येतं. आई म्हणते, त्याने उंबरठ्यात पाय ठेवायच्या आधीच आपण तो पुन्हा पडणार असं धरून चालायचं का? तिचंही चुकत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोरून ते दार हलत नाही.

शिवाय दादा पहिल्यापासून जोरात घोरतो. रात्री तो नुसता झोपलाय की भलतंच काही झालंय हे मला कळणार कसं? आणि झोपलेला असताना मी घाबरून औषध दिलं तर?

सरळ_बोलतो:

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. असलं औषध घरात आहे म्हटल्यावर माणसाला वाटतं, चला, वाचवायला आहेत सगळे. चार महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल. विश्वास टाका त्याच्यावर.

रात्रपाळी:

वरच्या उत्तराबद्दल माझ्यापेक्षा इथलंच दुसरं कुणी चांगलं बोलेल, म्हणून मी सोडून देते. ताई, मी तातडीच्या विभागात नर्स आहे, बारा वर्षं झाली. नाव घेतलंय तशीच बहुतेक ड्यूटी.

ठेवा. त्यातही पहिले काही आठवडे ठेवाच. चार महिन्यांत अंगाची सवय मोडलेली असते, हाताला मात्र जुनाच डोस आठवतो. पूर्वी जेवढ्याने नुसती गुंगी यायची, तेवढ्याने आता श्वास थांबू शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा एक अभ्यास २००७ साली छापून आला होता. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचं ओव्हरडोसने मरण्याचं प्रमाण तिथल्या इतर लोकांच्या १२९ पट निघालं. केंद्र म्हणजे तुरुंग नव्हे, पण मोडलेल्या सवयीचा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

आता घोरण्याचं. घरचे लोक तडफड शोधतात, आणि इथे तडफड नसतेच. एरवी रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की आपला जीव कासावीस होतो, आपण धडपडून श्वास घेतो. अफूच्या जातीची औषधं, गर्दही त्यातलंच, मेंदूतली नेमकी तीच जाणीव बोथट करतात. माणूस गुदमरतो, पण त्याला दम लागत नाही. "छान घोरत होता हो, म्हणून उठवलं नाही", हे वाक्य मी किती नातेवाइकांकडून ऐकलंय याची गणती नाही. नेहमीच्या घोरण्याला लय असते. हे घोरणं घशात पाणी अडकल्यासारखं गुरगुरतं, मध्येच तुटतं, आणि पुढच्या श्वासाची आपल्याला वाट बघावी लागते. ओठ आणि नखं निळसर होतात, सावळ्या माणसाची राखाडी दिसतात. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पण पापण्या उघडून बघत बसू नका. नावाने जोरात हाक मारा. नाही उठला तर मूठ वळून बोटांच्या पेरांनी छातीच्या मधल्या हाडावर चांगलं दाबून घासा. झोपलेला माणूस शिवी देऊन उठेल. ती शिवी गोड मानून घ्या. नाहीच उठला तर ती झोप नव्हे.

मग रुग्णवाहिकेला फोन, स्पीकरवर, म्हणजे हात मोकळे राहतात. त्याला पाठीवर झोपवून डोकं मागे करा. नाकात मारायचा स्प्रे असेल तर टोक एका नाकपुडीत घालून दट्ट्या पूर्ण दाबा. आधी हवेत उडवून बघू नका, त्यात एकच डोस असतो. (शिकवताना दर वेळी कुणीतरी उडवतंच, आणि मग खोलीत सगळे एकमेकांकडे बघतात.) इंजेक्शन असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं, कपड्यावरूनही चालतं. आणि औषध देऊन हातावर हात ठेवून बसू नका, ते चढेपर्यंत मेंदूला हवा लागते. नाक चिमटीत धरा, हनुवटी वर उचला, दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडाने द्या, छाती वर येताना दिसली पाहिजे. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा डोस, दुसऱ्या नाकपुडीत. फोनवरचा माणूस छाती दाबायला सांगेल तर तेही करायचं.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगते. तुम्हाला त्याचा श्वास परत आणायचाय. तो डोळे उघडून बोलायला लागला पाहिजे असं काही नाही. नीट श्वास घेतोय पण गुंगीत आहे, तर झालं काम. बोलत नाही म्हणून डोसावर डोस देणारे लोक त्याला उगाच टर्कीत, म्हणजे नशा एकदम तुटल्यावरच्या त्रासात, ढकलतात. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात जाणार नाही. आणि जवळच बसा. नॅलोक्सोनचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो. आत गेलेलं औषध त्याहून जास्त वेळ टिकणारं असू शकतं. मेथाडोन तर फारच जास्त. उठला, बोलला, "मला काही झालं नाही" म्हणून पांघरूण ओढून झोपला, आणि तासाभराने परत बुडाला, असे पेशंट आम्ही बघतो. म्हणून दवाखान्यात न्यायचंच.

चुकून दिलं तर काय? अंगात अफूवर्गीय औषध नसेल तर नॅलोक्सोन काहीच करत नाही. दारूवर किंवा झोपेच्या गोळ्यांवर ते चालत नाही, पण लोक बरेचदा सगळं मिसळून घेतात, आणि ते मिश्रण जास्त जीवघेणं असतं. त्यामुळे शंका असेल तर द्यायचंच. पाणी मारणं, चापट्या, उभं करून फिरवणं यांनी फक्त मिनिटं जातात. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मनाला लावून घेऊ नका.

एक मात्र केंद्राच्या डॉक्टरांना शनिवारच्या आत विचारा: ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर (ही अफूवर्गीयच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ओढ आवरायला दिली जाणारी औषधं) ठेवणार आहेत का? माणूस मुळात पडूच नये याचा सगळ्यात भक्कम उपाय तो आहे. स्प्रे त्याच्या नंतर. तो कसा मिळेल तेही त्यांनाच विचारा. अमेरिकेत २०२३ मध्ये ४ मिलिग्रॅमच्या स्प्रेला चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी मिळाली, पण नियम सगळीकडे एक नाहीत.

सातवं_वर्ष:

मी पलीकडच्या बाजूचा. गर्दुल्ला हा शब्द मला लोकांनी इतकी वर्षं चिकटवला की आता मीच मजेत वापरतो.

'सरळ_बोलतो' यांना: मला नॅलोक्सोनने उठवलंय, दोनदा. घाम, उलट्या, हाडं कुणी पिळतंय असं वाटणं, आणि वर संताप. ज्या मित्राने वाचवलं त्याला मी पहिली शिवी घातली, कारण त्याने माझा माल फुकट घालवला होता. त्या तासासाठी कुणी नशा करत नाही. घरात स्प्रे आहे या आधारावर मी एकदाही घेतलं नाही. मी घेतलं ते घरात कुणाला कळू नये म्हणून दार लावून. त्या कडीने माझ्या ओळखीतले जास्त लोक नेलेत.

ताई, डबा कपाटात लपवू नका. दादाच्या समोर ठेवा, कसा वापरायचा ते त्याच्यासमोरच शिका. बेशुद्ध माणूस स्वतःच्या नाकात स्प्रे मारू शकत नाही, तो तुमच्यासाठी आहे, हे त्याला तसंच सांगा. आणि एक वाक्य आधीच बोलून ठेवा: पुन्हा घेतलंस तर एकटा घेऊ नकोस, आम्ही ओरडू, पण नंतर. माझ्या बहिणीने हे म्हटलं तेव्हा मी तिच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. आणि उठवल्यावर टर्की घालवायला तो लगेच परत घ्यायला बघेल. तेव्हा त्याला अडवून धरा, कारण नॅलोक्सोनचा असर उतरला की दोन्ही डोस एकदम अंगावर येतात.

पट्टीवाला:

थोडं विषय सोडून. आमच्याकडे व्यसन कुणालाच नव्हतं. वडिलांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटानिल या अफूवर्गीय औषधाची पट्टी होती, तीन दिवसांनी बदलायची. थंडी वाजते म्हणून आम्ही पाठीला गरम पाण्याची पिशवी लावली, नेमकी पट्टीवरच. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात शिरतं हे आम्हाला माहीत नव्हतं. तेही असेच "छान घोरत" होते. वेळेत लक्षात आलं. घरात अशी पट्टी किंवा मॉर्फिन असेल त्यांनीही वरचं उत्तर वाचून ठेवा. वापरून काढलेल्या पट्टीतही औषध बरंच उरतं. चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

धाकटी_बहीण:

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलंय आणि स्प्रेची चिठ्ठीही दिली, दोन मिळाले.

दादा काल आला. डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला होता, आई मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्याने काही न बोलता तो उचलला, उलटा करून तारीख वाचली आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी बदलायला लागेल." मग मला विचारलं, दाखव, कसा मारणार? मी दाखवताना दट्ट्यावर अंगठा ठेवला तर ओरडला, "अगं, दाबू नकोस!"

संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यानेच बाथरूमची नवी कडी काढली. आता आत कुणी असेल तर बाहेरच्या खिळ्याला टॉवेल टांगायचा असं ठरलंय. आई दोनदा विसरली.